शंभर बरण्यांचे तास

"शंभर बरण्या काढायला चाक किती तास चालतं?" मी विचारलं.

बाबांनी चाकावरची ओली बरणी दोन्ही हातांनी अलगद उचलून फळीवर ठेवली, हात बादलीत बुचकळले आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"नऊ घंटे."

"लोणच्याची मोठी बरणी ना?"

"मोठीच. नऊ घंटे लिव."

बरणीखात्यातली सगळी चाकं एकदम मंदावली होती. बाबांचा उजवा हात म्हणवणारा तुळशीराम खाली मान घालून एका बरणीचं बूड खरवडत होता आणि मागे कुणीतरी उगीचच खोकलं. मला वाटलं, आपल्या मिस्त्रीची पोरगी ऑफिसचा कागद घेऊन बापालाच प्रश्न विचारतेय, याची मंडळींना गंमत वाटतेय. गंमत तर मलाही वाटत होती. मी नऊ लिहिलं आणि पुढे गेले.

ही गोष्ट ऐंशीच्या आसपासची. चंद्रपूरच्या पुढे आमचा चिनी मातीचा कारखाना होता. तिथे तीनच जिन्नस निघत: लोणच्याच्या बरण्या, कपबशा आणि घरोघरी मीटरपाशी लागतात ते विजेचे पांढरे कटआउट. बाबा, म्हणजे सोमाजी कुंभारे, बरणीखात्याचे मिस्त्री. माय कपखात्यात. मी नागपूरला संख्याशास्त्रात एम.एस्सी. करून परत आले आणि त्याच कारखान्याच्या ऑफिसात लागले, तेव्हा गावातल्यांनी हिशोब मांडला की आता मालकाने कुंभाऱ्यांच्या घराला वेगळा भोंगा द्यायला हरकत नाही.

त्या वर्षी कोळशाला रेल्वेच्या वाघिणी मिळेनात. कारखान्याच्या गच्चीवर उभं राहिलं तर कोळशाच्या खाणी दिसायच्या, पण दिसणारा कोळसा काही भट्टीत जळत नाही. दोन भट्ट्यांपैकी एक थंड पडली. वर विजेची कपात, आणि आमची सगळी चाकं विजेवरची. नवे मॅनेजर देवस्थळे साहेब पुण्याहून आले होते. शांत माणूस, आवाज कधी चढवायचे नाहीत. त्यांनी मला केबिनमध्ये बोलावलं.

"कुंदाताई, तुम्हाला सिम्प्लेक्स येतं ना?"

"येतं, सर."

"मग मांडा. भट्टीतली जागा एवढी, विजेचे तास एवढे. यात जास्तीत जास्त नफा कशात आहे ते मला आकड्यात हवंय. खात्याखात्यांची रडगाणी ऐकून कंटाळलोय. ज्या मालाला शून्य येईल ते खातं पहिल्या तारखेपासून बंद. माणसांना घरी पाठवावं लागेल, इलाज नाही."

मी हो म्हटलं. कॉलेजात ज्या उदाहरणांत टेबलं आणि खुर्च्या असायच्या, तिथे आता खरा माल येणार, म्हणून मी खुशीतच होते, हे नाकारण्यात अर्थ नाही. शिवाय उत्तर काय येणार याची मला मनातून खात्री होती. कटआउटचं खातं नवं, लहान, दाबायच्या मशीनवर चालणारं. जायचंच तर ते जाईल.

बरणीखात्यातून मी कपखात्यात गेले. कपाचं चाक हलकं, म्हणून तिथे सगळ्या बायका. माय चाकावर होती, तिच्या शेजारच्या रांगेत बाकीच्या कपांना कान लावत होत्या.

"माय, पन्नास डझनाला चाक किती तास?"

"थांब, पाहू दे." तिने हात न थांबवता विचार केला. "सकाळच्या भोंग्याले सुरू केलं तं जेवनाच्या सुट्टीच्या जराक आधी होते. चार घंटे धर."

"नक्की?"

"मंग का तुले खोटं सांगून राहिली? बुधवारी वीज गेली व्हती, ते धरू नको. चारच."

शेजारच्या सुमित्राबाई हसल्या. "पाह्य वं माय, पोरगी तुही परीक्षा घेऊन राहिली."

कटआउटचे तास मशीनवरच लिहिलेले होते. भट्टीतली जागा मी स्वतः मोजली. बरणी जागा खाते, कपबशी त्याहून कमी आणि कटआउट सगळ्यांत कमी.

आमच्याकडे कॉम्प्युटर नव्हता. सिम्प्लेक्स कागदावरच करायचं, तक्ता मांडून. सुरुवात काहीच न बनवण्यापासून होते. मग कोणता माल आत घेतला तर नफा झपाट्याने वाढेल ते पाहायचं आणि त्याला आत घ्यायचं. पण जागा मोजकीच असते, म्हणून एकाला आत घेतलं की दुसऱ्याला बाहेर काढायचं. असं एकेक पाऊल टाकत जायचं. शेवटच्या ओळीत आणखी फायदा दिसेनासा झाला की थांबायचं. आमच्या गणितात अटी दोनच होत्या, भट्टी आणि वीज. दोन अटींच्या तक्त्यात दोनच माल बसतात. तीन मालांपैकी एकाला शून्य येणार हे ठरलेलंच होतं.

मी थांबले तेव्हा तक्त्यात कपबशी होती आणि कटआउट होतं. बरणी शून्य.

मी बेरजा पुन्हा केल्या. मग भागाकार पुन्हा केले. बरणी विजेचे इतके तास खात होती की तिचा चांगला नफाही तिला वाचवू शकत नव्हता. शनिवारी देवस्थळे साहेबांनी कागद पाहिला, मान डोलावली.

"बरणी. मला वाटलंच नव्हतं."

"सर, सोमवारपर्यंत थांबाल? मला एकदा सगळं तपासायचंय."

"तुमचे वडील त्या खात्यात आहेत म्हणून?"

"हो," मी म्हटलं.

त्यांनी चष्मा काढून पुसला. "ठीक आहे. सोमवार."

रविवारी दुपारी बाबा अंगणात बाजेवर बसून सुपारी कातरत होते. माय चुलीपाशी होती. मी सरळ सांगून टाकलं. घुमवून सांगण्याची आमच्या घरात पद्धतच नाही.

"शून्य म्हंजे?"

"शून्य म्हणजे बरण्या बनवायच्याच नाहीत. खातं पहिल्या तारखेला बंद."

बाबा आधी हसले. "मंग लोकायनं लोनचं काय कपात घालाचं का?"

"बाबा, मस्करी नाही ही. तुमच्यासकट बावीस जण घरी बसणार आहेत."

अडकित्ता थांबला. "कोन म्हनते?"

"गणित म्हणतं. बरणीला चाक फार लागतं. तेवढ्या विजेत दुसरा माल जास्त निघतो."

चुलीपासून मायचा आवाज आला. "किती सांगतलं व्हतं तुमी?"

मीच सांगितलं. "नऊ."

माय पदराला हात पुसत दारात आली. "नऊ? पाच घंट्यात उठते त्यायचे शंभर. दोन बिड्या धरून पाच."

"तू गप बस," बाबा म्हणाले.

"पोरीले खोटं सांगतलं?"

"पोरीले नाही सांगतलं. ऑफिसले सांगतलं."

मला भयंकर राग आला. चार तास! शंभर बरण्यांमागे ज्या चार तासांत कुणी कधी चाक फिरवलंच नव्हतं, ते मी भागाकारांत घालून घोटत बसले होते. "का?" मी ओरडले. "मी विचारत होते बाबा. मी!"

"तू नव्हती विचारून राहिली. तुह्या हातात कागद व्हता." त्यांनी सुपारीचे तुकडे बाजूला सारले. "तू लहान व्हती तवा मुंबईचा एक मानूस आला व्हता, गळ्यात घड्याळ अडकवून. मोठा गोड बोले. चहा पाजे आमाले. आमीबी खुळे, त्याच्यासमोर दाखवाले जोरात चाक मारलं. लागला वेळ लिवून घेतला त्यानं, अन् त्याच महिन्यात रेट खाली आला. नगावर पैसा आमाले. वेळ कमी, तं रेट कमी. तवापासून बरनीखात्यात खरा वेळ कोनी तोंडातून काढत नाही. नवा मानूस आला का पहिले हे शिकवतो, माती मळाचं मंग."

"मग आता खरं सांगा. साहेबांना सांगा."

"सांगतलं तं रेट कापते. बावीस मानसाच्या ताटातलं मी काढू?"

माय म्हणाली, "अन् नाही सांगतलं तं ताटच जाते."

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. संध्याकाळपर्यंत ते त्या बाजेवरून उठले नाहीत. जेवलेही नाहीत.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत त्यांनी सगळ्यांना शेडमागे गोळा केलं. मी दारापाशी उभी होते. बाबांनी काही लपवलं नाही. नऊ तासांनी खातं बुडतं, पाच सांगितले तर खातं तरतं पण रेट कापला जाईल. बोला.

मग तुळशीराम थुंकला. "कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हनते, ते काही खोटं नाही. मिस्त्री, तुमच्या घरातूनच निंगालं हे."

"निंगालं," बाबा म्हणाले. "माह्याच घरातून निंगालं. आता काय करू ते सांग."

"आमाले काय विचारता? जा तुमी, सांगा साहेबाले. पन आमी पाठवलं असं सांगू नका. रेट कापला का आमी तुमालेच शिव्या देऊ."

"दे," बाबा म्हणाले. "खात्यात राहून दे."

ते तसेच, मातीचे हात घेऊन केबिनमध्ये आले. मी खुर्ची पुढे केली, ते बसले नाहीत.

"साहेब, नऊ नाही. पाच घंटे लागते."

देवस्थळे साहेबांना फारसं नवल वाटलेलं दिसलं नाही. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही चार तास वाढवून सांगत होतात."

"होय जी."

"सगळे?"

"मी मिस्त्री आहो. मी सांगत व्हतो."

"मग दर त्याप्रमाणे बदलेल, तुम्हाला माहीत आहे."

"माहीत आहे जी. खातं राहू द्या फक्त."

साहेब माझ्याकडे वळले. "करा पुन्हा. इथेच बसून करा."

मी बसले. सगळं पहिल्यापासून करायची गरज नव्हती. शेवटच्या तक्त्यात बरणीचा एक रकाना बदलायचा होता. बाबा माझ्या खुर्चीमागे उभे होते. त्यांना आकडे वाचता येत, पण ते आकडे काय करताहेत ते कळायचं कारण नव्हतं. त्यांचा श्वास माझ्या डोक्यावर जाणवत होता. नऊच्या जागी पाच घातले आणि शेवटच्या ओळीतलं चिन्ह फिरलं. आता बरणी आत घेण्यात फायदा होता. मला रडू येईल असं वाटलं.

आता बाहेर कोण, ते काढायचं राहिलं होतं. बरणी वाढवत गेलं की आतल्या दोघांपैकी आधी कोण शून्याला टेकतं ते पाहायचं. मी मनात कटआउट, कटआउट असा जप करत होते. पण कटआउटचा आकडा कमी होण्याऐवजी वाढत होता. बरणीची मोठी जागा भट्टीत भरली की उरलेल्या सांदीत बसायला लहान मालच बरा पडत होता. खाली जात होता तो दुसरा आकडा. मी भागाकार एकदा केला, खोडला, पुन्हा केला.

"आली का बरनी आत?" बाबांनी विचारलं.

"आली."

"आली ना? झालं तं!" त्यांनी दोन्ही हात कपाळाला लावले. मातीची बोटं उमटली तिथे. "साहेब, लई उपकार झाले. मी तुळशीरामले सांगून येतो."

ते दारापर्यंत गेले असतील. देवस्थळे साहेबांनी माझ्यासमोरचा कागद आपल्याकडे ओढला आणि वाचला. "बरणी, कटआउट. कपबशी शून्य. बरं."

बाबा वळले. "कपबशी कुठून आली मधात?"

मग त्यांनी मला विचारलं. "बाई, कपखात्याचं काय?"

"बाबा, दोनच माल बसतात. एक आत आला की एक बाहेर जातो."

"हे तू काल नाही सांगतलं."

"मला वाटलं होतं कटआउट जाईल."

"तुले वाटलं!" ते माझ्याजवळ आले. "मंग अर्धं-अर्धं कर ना. अर्ध्या बरन्या, अर्धे कप. त्यात काय एवढं?"

करता येत होतं. कुणीही करू शकलं असतं, त्याला एम.एस्सी. लागत नाही. मी साहेबांना म्हटलं, "सर, तिन्ही थोडे थोडे ठेवले तर नफा जरासाच कमी होतो. मी काढून दाखवते."

"कुंदाताई," ते शांतपणे म्हणाले, "शनिवारी वडील, आज आई. उद्या मी तुमचा कुठला आकडा खरा धरू?"

ते वाईट माणूस असते तर मला फार सोपं गेलं असतं.

बाबा टेबलावर वाकले. "साहेब, नऊच लिवा. मी आता खोटं बोललो. नऊच लागते."

"मिस्त्री."

"नऊच लागते जी! विचारा कोनालेबी. अख्ख्या खात्याले विचारा, सारे नऊच सांगतीन."

"ते मला माहीत आहे," साहेब म्हणाले. "म्हणून तर नाही विचारत."

बाबा कपखात्याच्या शेडपर्यंत माझ्याबरोबर आले, पण आत आले नाहीत. बाहेर मातीच्या ढिगापाशी उभे राहिले. "तू सांग," म्हणाले. "माह्यानं नाही होत."

आत चाक फिरत होतं. माय कपाच्या साच्यात माती थापत होती. बाबा केबिनमध्ये गेल्याचं तिला ठाऊक होतं, म्हणून मला पाहताच तिने विचारलं, "वाचलं का खातं?"

"वाचलं."

"बरं झालं वं माय. काल धरून जेवले नाही ते." मग तिने माझा चेहरा नीट पाहिला. "काय झालं?"

मी तिच्याशेजारी पाटावर बसले आणि हळू आवाजात सांगितलं. सगळं. चाकाचा आवाज चालू होता म्हणून बाकीच्यांना ऐकू गेलं नाही. माझं बोलणं संपल्यावर तिने साच्यातला कप काढून फळीवर ठेवला.

"आमी किती सांगतलं व्हतं?"

"चार."

"अन् आता किती धरले?"

"चारच."

"मंग आमचं काय चुकलं?"

"काही चुकलं नाही, माय."

बायकांना रोजावर मजुरी होती. नगावर नव्हती, म्हणून वेळ लपवायचं त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. मी विचारलं आणि त्यांनी होता तो वेळ सांगितला. आता वाढवून सांगावं तर आणखी बुडणार, आणि कमी सांगायला काही उरलंच नव्हतं.

"तुह्या त्या कागदात," माय म्हणाली, "पहिल्यांदाच कोन खरं बोललं, असं लिवाले जागा असते का वं?"

"नाही."

"बरं."

पलीकडे सुमित्राबाई कुणाच्या तरी लग्नाची गोष्ट रंगवून सांगत होत्या आणि सगळ्या हसत होत्या. मी उठायला लागले.

"कुठं चालली?"

"सांगते त्यांना. मलाच सांगायला पाहिजे."

मायने माझा हात धरून मला खाली बसवलं. "तू नको सांगू. तुले इथं नोकरी कराची आहे अजून," ती म्हणाली, आणि चाक बंद करून बायकांकडे गेली.